मेट्रो आणि बसचं टॅप कार्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई आणि पुण्याच्या मेट्रोत, बेस्टच्या बसमध्ये आणि देशातल्या आणखी बऱ्याच शहरांत आता नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड, म्हणजे एनसीएमसी, चालतं. कार्ड घेणं सोपं आहे. गोंधळ होतो तो नंतर: पैसे भरले तरी दिसत नाहीत, गेट उघडत नाही, दोन मेट्रोंना दोनदा पैसे का कापले ते कळत नाही. यातल्या बहुतेक अडचणींचं मूळ एकच आहे. प्रवासासाठी वापरायची शिल्लक या कार्डाच्या चिपमध्ये असते, बँकेच्या सर्व्हरवर नाही. ही एक गोष्ट ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

गेटवर कार्ड टेकवतो तेव्हा नेमकं काय होतं?

आत जाताना पैसे कापले जात नाहीत. गेट आधी कार्ड खरं आहे का ते तपासतं, मग ते बंद केलेल्या कार्डांच्या यादीत नाही ना हे बघतं, मग प्रवेशापुरती किमान शिल्लक आहे का ते पाहतं. सगळं ठीक असेल तर चिपवर एक छोटी नोंद लिहितं: कोणतं स्थानक, किती वाजता. झडप उघडते.

उतरल्यावर बाहेरचं गेट ती नोंद वाचतं. पुणे मेट्रोत तुम्ही वनाझला चढलात आणि रामवाडीला उतरलात हे त्याला त्या नोंदीतून कळतं. गेटच्या आत भाड्याचा तक्ता साठवलेला असतो. त्यातून भाडं काढून ते चिपवरच्या शिलकीतून वजा होतं आणि उरलेली रक्कम चिपवर पुन्हा लिहिली जाते. त्याच क्षणी छोट्या पडद्यावर कापलेलं भाडं आणि उरलेली शिल्लक येते. पडदा लगेच बदलतो आणि मागचा माणूस ढकलत असतो, पण ती रक्कम बघायची सवय लावून घ्या. चूक झाली असेल तर ती पकडण्याची सगळ्यात सोपी जागा तीच.

या सगळ्याला अर्धा सेकंदही लागू नये, अशीच अपेक्षा असते. गर्दीच्या वेळी एका गेटमधून एकामागून एक माणसं जात राहतात. प्रत्येकामागे दोन सेकंद जास्त लागले तरी रांग जिन्यापर्यंत जाते.

कार्डात बॅटरी नाही, मग चिप चालते कशावर?

गेटवरच्या वाचकाकडून, म्हणजे कार्ड वाचणाऱ्या यंत्राकडून, मिळणाऱ्या विजेवर. तो वाचक १३.५६ मेगाहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र सतत सोडत असतो. कार्डाच्या प्लास्टिकच्या थरांमध्ये तांब्याच्या बारीक तारेचे वेढे असतात. कार्ड जवळ आलं की त्या वेढ्यांत वीज तयार होते आणि चिप जागी होते. हे अंतर काही सेंटिमीटरचंच असतं, म्हणून कार्ड लांबून हलवून उपयोग नसतो. खुणेवर सपाट टेकवायचं, क्षणभर थांबायचं आणि मग उचलायचं. घासायची गरज नाही.

ॲपमधून पैसे भरले, बँकेचा मेसेजही आला. गेटवर मात्र जुनीच शिल्लक दिसते. पैसे बुडाले का?

नाही. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात, म्हणून हे जरा सविस्तर.

ॲपमधून भरलेले पैसे आधी कार्ड देणाऱ्या बँकेच्या सर्व्हरवर जमा होतात. तुमचं कार्ड तेव्हा खिशात असतं. चिपला यातलं काहीच कळलेलं नसतं, कारण तिला इंटरनेट नाही. सर्व्हरवरची रक्कम चिपवर लिहून घेतली तरच गेटला ती दिसणार. या दुसऱ्या टप्प्याला बहुतेक ठिकाणी ‘बॅलन्स अपडेट’ म्हणतात. तो तीन तऱ्हांनी होतो. मेट्रो स्थानकाच्या तिकीट खिडकीवर किंवा कस्टमर केअरला कार्ड द्यायचं आणि ‘ऑनलाइन भरलेत, अपडेट करून द्या’ म्हणायचं. किंवा स्थानकात तसं मशीन असेल तर स्वतः कार्ड ठेवून करायचं. किंवा फोनमध्ये एनएफसी (जवळ आणलेलं कार्ड वाचायची सोय) असेल आणि तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये सोय असेल, तर कार्ड फोनच्या पाठीला लावून घरबसल्या.

ॲप एक रक्कम दाखवतं आणि गेट दुसरी, असं दिसलं तर बहुधा दोन्ही बरोबर असतात. ॲप सर्व्हरवरची दाखवतं, गेट चिपवरची.

खिडकीवर रोख देऊन रिचार्ज केलं तर हा घोळ होत नाही. तिथे कार्ड मशीनवरच असतं आणि रक्कम तेव्हाच चिपवर चढते.

माझं स्पष्ट मत आहे की ही माहिती कार्ड देतानाच तोंडी सांगितली पाहिजे आणि ॲपवर ‘पैसे भरले’च्या शेजारी ‘अजून कार्डावर चढवायचे आहेत’ असं ठळक मराठीत आलं पाहिजे. सकाळी नऊच्या गर्दीत लाल दिवा लागलेल्या माणसाला सर्व्हर आणि चिप यांतला फरक समजावून सांगायची वेळ येऊ नये.

मग एवढा उपद्व्याप कशाला? पैसे थेट बँक खात्यातूनच का कापत नाहीत?

तसंही करता येतं. लंडनमध्ये साधं बँकेचं कार्ड डिसेंबर २०१२ पासून बसमध्ये आणि सप्टेंबर २०१४ पासून भुयारी रेल्वेत चालतं. तिथे गेट फक्त ‘हे कार्ड इथे, या वेळी टेकलं’ एवढीच नोंद पुढे पाठवतं. दिवसभराच्या नोंदी जुळवून भाडं मागाहून ठरतं आणि खात्यातून एकदाच कापलं जातं. यात मोठा फायदा आहे: दिवसाला ठरावीक रकमेच्या वर भाडं जातच नाही, कारण हिशोब करणाऱ्याला तुमचा पूर्ण दिवस दिसत असतो.

या पद्धतीची दुसरी बाजू सिंगापूरमध्ये दिसली. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या परिवहन प्राधिकरणाने चिपमध्ये शिल्लक ठेवणारी जुनी कार्डं बंद करून सगळ्यांना खात्यावर आधारलेल्या पद्धतीत नेण्याचं जाहीर केलं. लोक नाराज झाले, कारण नव्या पद्धतीत गेटवर कापलेलं भाडं आणि उरलेली शिल्लक दिसत नव्हती. दोन आठवड्यांच्या आत निर्णय मागे घेतला गेला आणि जुनी कार्डं चालू राहिली.

आपल्याकडे एनसीएमसी आखताना चिपमधली शिल्लक निवडली गेली. धावत्या बसमध्ये आणि जमिनीखालच्या स्थानकात नेटवर्कचा भरवसा नसतो. शिवाय खात्यात दहा रुपये आहेत की नाहीत हे बँकेला विचारून उत्तर येईपर्यंत गेटपुढे माणसं साचतात. मला ही निवड आपल्या शहरांसाठी योग्य वाटते. महिन्याचे पैसे मोजून वापरणाऱ्या माणसाला किती कापले आणि किती उरले हे जागच्या जागी दिसलंच पाहिजे. खटकतो तो रिचार्जचा दुसरा टप्पा, आणि तो सुधारता येण्यासारखा आहे.

माझ्या रुपे डेबिट कार्डावर एनसीएमसीचं चिन्ह आहे. वेगळं कार्ड घ्यावं लागेल का?

नाही. पण त्या कार्डात दोन कप्पे आहेत हे लक्षात घ्या. एक तुमचं बँक खातं आणि दुसरं चिपमधलं प्रवासाचं वॉलेट. ते वॉलेट सुरुवातीला रिकामं असतं, काही वेळा आधी सुरूही करून घ्यावं लागतं. खात्यात पन्नास हजार असले आणि वॉलेटमध्ये काही नसलं तर गेट उघडणार नाही.

डेबिट कार्ड रोज हातात घेऊन गर्दीत फिरणं नको वाटत असेल तर मेट्रोचं वेगळं प्रीपेड कार्ड घ्या, उदाहरणार्थ मुंबईत मुंबई वन, पुण्यात एक पुणे कार्ड. मी तरी हेच सुचवेन. हरवलं तर नुकसान तेवढ्यापुरतंच राहतं.

कार्डात किती पैसे ठेवता येतात?

एनसीएमसीच्या चिपमधल्या वॉलेटची कमाल मर्यादा २,००० रुपये आहे. तेवढे भरून ठेवायची गरज नसते. आठवड्याच्या प्रवासाला पुरतील इतके पुष्कळ झाले.

हे कार्ड कुठे कुठे चालतं?

४ मार्च २०१९ रोजी अहमदाबादमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते एनसीएमसी सुरू झालं. त्यामागचं तांत्रिक प्रमाण रुपेचं, म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनचं आहे. त्यासाठी लागणारं गेट आणि भाडेवसुलीची यंत्रणा भारत इलेक्ट्रॉनिक्सने देशात बनवली. त्याआधी प्रत्येक शहराचं कार्ड निराळं होतं. २०१४ साली वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हा तिचं कार्डही तिच्यापुरतंच होतं.

आज मुंबईत मेट्रो २अ, ७ आणि ३ वर, बेस्टच्या बसमध्ये, पुणे मेट्रोत आणि राज्याबाहेर दिल्ली, बेंगळुरू, चेन्नईच्या मेट्रोत एनसीएमसी चालतं. कुठल्या बँकेचं कार्ड आहे याने फरक पडत नाही. पुण्यात घेतलेलं कार्ड दिल्लीला गेल्यावर खिशात असू द्या, टोकनची रांग वाचते. सवलती आणि पास मात्र ज्या त्या संस्थेचे असतात, ते कार्डासोबत दुसऱ्या शहरात येत नाहीत.

कार्ड एकच, तर भाडंही एकच का नाही? मेट्रो बदलली की पुन्हा पैसे का?

हा प्रश्न मुंबईकर विचारतात आणि त्यांची तक्रार रास्त आहे.

दहिसरहून मेट्रो ७ ने येऊन घाटकोपरला जायचं आहे, असं समजा. गुंदवलीला उतरायचं, कार्ड टेकवून बाहेर पडायचं, पादचारी पुलावरून मेट्रो १ च्या वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे स्थानकात जायचं आणि तिथे पुन्हा आत शिरायचं. मेट्रो ७ एमएमआरडीएची, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, कंपनी चालवते. मेट्रो १ दुसऱ्या कंपनीकडे आहे आणि मेट्रो ३ तिसरीकडे. प्रत्येकीचं भाडं स्वतःच्या पहिल्या टप्प्यापासून, म्हणजे १० रुपयांपासून, सुरू होतं. भाड्याची रचना अशी असते की सुरुवातीचे किलोमीटर महाग आणि पुढचे स्वस्त पडतात. त्यामुळे कंपनी बदलली की तुम्ही पुन्हा महागड्या टप्प्यापाशी येता. तेवढंच अंतर एकाच मार्गावर कापलं असतं तर कमी पैसे पडले असते.

पुण्यात हे होत नाही. जिल्हा न्यायालय स्थानकावर पिंपरी-चिंचवडकडून येणारी मार्गिका सोडून वनाझ-रामवाडी मार्गिकेवर जाताना गेटच्या बाहेर पडावंच लागत नाही, कारण दोन्ही महामेट्रो या एकाच कंपनीच्या आहेत. मुंबईतही २अ आणि ७ मध्ये दहिसर पूर्वला अशीच अदलाबदल करता येते.

म्हणजे कार्डाने सुटलेला प्रश्न पैसे देण्याचा आहे. भाडं वाटून घेण्याचा प्रश्न संस्थांनी आपसात बसून सोडवायचा असतो आणि चिप त्यात आडवी येत नाही. किती वाजता कुठून बाहेर पडलात हे तिच्यावर लिहिलेलं असतं, त्यामुळे पुढच्या गेटला ‘हा माणूस दहा मिनिटांपूर्वी मेट्रो ७ मधून उतरला, याला पहिला टप्पा माफ’ असं ठरवता येऊ शकतं. लंडनच्या बसमध्ये एका भाड्यात तासाभरात हव्या तेवढ्या बस बदलता येतात, ते अशाच नोंदींच्या जोरावर. आपल्याकडे हे व्हायला तंत्रज्ञान थांबलेलं नाही, करार थांबलेला आहे. बदलापूर किंवा विरारहून रोज तीन वाहनं बदलत येणाऱ्या माणसाच्या खिशावर याचा सगळ्यात जास्त भार पडतो.

लोकलला हे कार्ड चालतं का?

लोकलच्या स्थानकांवर गेटच नाहीत, त्यामुळे टेकवायचं कुठे हा पहिला प्रश्न. तिथे तिकीट किंवा पास आधी काढायचा आणि टीसीने विचारला तर दाखवायचा, हीच रीत आहे. एटीव्हीएम, म्हणजे स्थानकावर स्वतः तिकीट काढायच्या मशीनचं, स्मार्ट कार्ड रेल्वेचं स्वतःचं आहे, मेट्रोच्या गेटवर ते चालणार नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई वन ॲपमधून लोकल, मेट्रो आणि बसची तिकिटं एकत्र काढता येतात, पण ती फोनवरची क्यूआर तिकिटं. नाव सारखं असलं तरी मुंबई वन कार्ड आणि मुंबई वन ॲप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बसमध्ये कार्ड कसं वापरायचं?

कंडक्टर असेल तर कुठे उतरायचं ते सांगा. तो मशीनवर टप्पा निवडतो, तुम्ही मशीनला कार्ड टेकवता, तिकीट छापून येतं. भाडं आधीच कळल्यामुळे पैसे लगेच कापले जातात आणि उतरताना काही करावं लागत नाही. कुटुंबातल्या दोघातिघांची तिकिटंही कंडक्टर एका कार्डावर काढून देऊ शकतो. मशीनमध्ये आकडा दिसतो तो नजरेखालून घाला आणि तिकीट मागून घ्या.

बेस्टने एप्रिल २०२२ मध्ये गेटवे ऑफ इंडिया ते चर्चगेट मार्गावर टॅप-इन टॅप-आउट बस सुरू केली. त्या पद्धतीत पुढच्या दाराने चढताना आणि मागच्या दाराने उतरताना, दोन्ही वेळा टेकवायचं असतं. उतरताना विसरलात तर तुम्ही कुठे उतरलात हे यंत्रणेला कळत नाही.

उतरताना टेकवायचं राहिलं तर काय होतं?

मेट्रोत सहसा राहत नाही, कारण गेट बंद असतं. पण कधी गेट बिघडलेलं असतं, कर्मचारी बाजूच्या दारातून सगळ्यांना सोडतात आणि चिपवर ‘आत गेला, बाहेर आला नाही’ अशी अर्धी नोंद राहते. दुसऱ्या दिवशी आत जाताना लाल दिवा लागतो. कस्टमर केअरला जाऊन काय झालं ते सांगा. ते नोंद दुरुस्त करतात, नियमानुसार राहिलेलं भाडं लागतं. बाजूच्या दारातून सोडत असतील तेव्हाच ‘कार्डाचं काय करायचं?’ असं विचारलेलं बरं.

आत गेलो आणि विचार बदलला. त्याच स्थानकातून बाहेर पडलो तर?

तरीही भाडं कापलं जातं. आत राहण्याला वेळेची मर्यादा असते, ती ओलांडली तर वर दंड लागतो. ही मर्यादा आणि दंड प्रत्येक मेट्रोचे वेगळे आहेत आणि स्थानकातल्या फलकावर लिहिलेले असतात.

एका कार्डावर आम्ही दोघं जाऊ शकतो का?

गेटमधून नाही. एकदा प्रवेशाची नोंद झाली की बाहेर पडेपर्यंत तेच कार्ड पुन्हा आत घेतलं जात नाही. सोबतच्यासाठी वेगळं कार्ड किंवा क्यूआर तिकीट घ्या.

शिल्लक आहे, तरी गेट लाल दाखवतं. काय करू?

आधी कार्ड पाकिटातून बाहेर काढा. एकाच पाकिटात दोन-तीन टॅप कार्डं असली की वाचकाला सगळी एकदम उत्तरं देतात आणि तो एकही स्वीकारत नाही. क्वचित भलत्याच कार्डाची नोंद होते, मग बाहेर पडताना वेगळं कार्ड पुढे आलं की गेट अडतं. जाताना आणि येताना एकच कार्ड, हा नियम पाळा. फोनच्या कव्हरमध्ये कार्ड ठेवलं असेल तर तेही काढा. फोनचा धातू आणि त्याचं स्वतःचं एनएफसी मध्ये येतं.

एवढं करूनही लाल आलं तर पडद्यावरचा संदेश वाचा. शिल्लक कमी, प्रवेशाची नोंद नाही, कार्ड बंद केलेलं, अशी कारणं तिथे दिलेली असतात. दुसऱ्या गेटवर नशीब आजमावत बसण्यापेक्षा तो संदेश कस्टमर केअरला सांगितला तर काम लवकर होतं.

टेकवलं आणि घाईत मध्येच ओढून घेतलं. पैसे अर्धवट कापले जातात का?

नाही. चिपची रचनाच अशी असते की नवी रक्कम पूर्ण लिहून होईपर्यंत जुनी पुसली जात नाही. व्यवहार पूर्ण होतो किंवा झालाच नाही असं धरलं जातं. अशा वेळी त्याच गेटवर पुन्हा टेकवा. आपलं आधीचं काम अर्धं राहिलंय हे त्या गेटला माहीत असतं, शेजारच्याला नसतं.

कार्डावर सवलत मिळते का?

मिळते, आणि रोजच्या प्रवाशासाठी कार्ड घेण्याचं ते मोठं कारण आहे. पुणे मेट्रोत कार्डाने प्रवास केला तर १० टक्के सवलत आहे, विद्यार्थ्यांच्या कार्डावर ३० टक्के. दिल्लीत स्मार्ट कार्डावर १० टक्के आणि गर्दी नसलेल्या ठरावीक वेळांत आणखी १० टक्के. मुंबईत मेट्रो २अ आणि ७ वर मुंबई वन कार्डाला सवलत आणि महिन्याचे पास आहेत. दर अधूनमधून बदलतात, त्यामुळे कार्ड घेताना खिडकीवर चालू सवलत विचारा. पास चिपच्या वेगळ्या कप्प्यात लिहिला जातो, वॉलेटमधल्या पैशांना तो हात लावत नाही.

कार्ड हरवलं तर?

चिपमधली शिल्लक ही पाकिटातल्या नोटांसारखी आहे, ज्याच्या हातात त्याची. पिन लागत नाही, त्यामुळे सापडणारा माणूस ती वापरू शकतो आणि ती परत मिळेल असं धरून चालू नका. डेबिट कार्ड असेल तर बँकेला लगेच कळवा, निदान खातं सुरक्षित राहील. सर्व्हरवर जमा झालेले पण चिपवर न चढवलेले पैसे असतील तर तेही त्याच वेळी बँकेला सांगा.

गर्दीत कोणी खिशाला मशीन लावून पैसे काढेल का?

ही भीती फॉरवर्ड होणाऱ्या व्हिडिओंमुळे जास्त पसरली आहे. अंतर काही सेंटिमीटरचं लागतं. मशीन कुठल्या तरी बँकेकडे नोंदलेल्या व्यापाऱ्याचं असावं लागतं, म्हणजे पैसे जातात कुठे याचा माग राहतो. आणि चिपमधून एका वेळी जाणारी रक्कम मर्यादित असते. चोराच्या दृष्टीने मोबाइल उचलणं कितीतरी सोपं आहे, तो सांभाळा.

चिपमध्ये फेरफार करून शिल्लक वाढवण्याचा धोका वेगळा, आणि तो खरा होता. मिफेअर क्लासिक नावाची चिप एकेकाळी जगभरच्या प्रवास कार्डांत होती. २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या राडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी तिचं कुलूप फोडून दाखवलं. लंडनच्या ऑइस्टर या प्रवास कार्डातही तीच चिप होती, ती पुढे बदलावी लागली. एनसीएमसी बँकांच्या कार्डांच्या प्रमाणावर बनलेलं आहे. वाचकात आणि चिपमध्ये गुप्त किल्ल्या असतात, दोघं आधी एकमेकांची ओळख पटवतात आणि मगच रक्कम लिहिली जाते.

कार्ड घ्यावं की फोनवर क्यूआर तिकीट काढावं?

महिन्यातून एखाद्या वेळी जात असाल तर क्यूआर. रोज जात असाल तर कार्ड. गेटपाशी येऊन ॲप उघडणं, नेटवर्क शोधणं, पडद्याचा उजेड वाढवणं, यात वेळ जातो आणि बॅटरी संपली तर तिकीटही गेलं.

आमच्या आईकडे स्मार्टफोन नाही. तिला हे कार्ड झेपेल?

उलट तिच्यासाठीच हे जास्त सोयीचं आहे. कार्ड तिच्या नावाने काढायचं, खिडकीवर रोख देऊन भरायचं आणि रिचार्जची पावती घ्यायची. ओटीपी, ॲप, पासवर्ड काही नाही, सुट्टे पैसेही नाहीत. कार्ड काढताना एकदा मोबाइल नंबर लागू शकतो, तो साधा फोन असला तरी चालतो. पहिल्यांदा सोबत जाऊन गेटवर कुठे टेकवायचं, पडद्यावर शिल्लक कुठे दिसते आणि अडलं तर कोणत्या खिडकीकडे जायचं एवढं दाखवा.

म्हणूनच रोख रिचार्जची खिडकी बंद होता कामा नये, असं मी पोटतिडकीने म्हणतो. स्वयंपाकाची, साफसफाईची कामं करणाऱ्या बायका, हमाल, वॉचमन यांच्यातल्या कित्येकांच्या हातात पैसे रोखच येतात. तिकीट खिडक्या कमी करून ‘ॲप वापरा’ म्हणणारी व्यवस्था त्यांना रांगेत उभं करते आणि सवलतीलाही मुकवते.

माझा प्रवास कोणाला कळतो का?

प्रत्येक टेकवण्याची नोंद कार्डाच्या क्रमांकासह परिवहन संस्थेकडे जाते, शेवटचे काही व्यवहार चिपवरही राहतात. कार्ड तुमच्या नावाशी किंवा खात्याशी जोडलेलं असेल तर ती नोंद तुमच्याशी जोडता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने सार्वजनिक वाहतुकीसाठी केवायसी (ग्राहकाच्या ओळखीची पडताळणी) न घेता ३,००० रुपयांपर्यंतची प्रीपेड साधनं, म्हणजे आधी पैसे भरून वापरायची कार्डं, द्यायला परवानगी दिली. ज्यांना आपला प्रवास खासगी ठेवायचा आहे त्यांनी खिडकीवर तसं कार्ड मिळतं का ते विचारावं.

नको असेल तर पैसे परत मिळतात का? मुदत किती?

वाहतुकीसाठीच्या या केवायसी नसलेल्या साधनांतून रोख काढता येत नाही, परतावा मिळत नाही आणि रक्कम दुसऱ्या खात्यात वळवताही येत नाही. म्हणून बेताने भरा. कार्डावर महिना आणि वर्ष छापलेलं असतं ते बघून ठेवा आणि नवं कार्ड यायच्या आधी जुन्या चिपमधली शिल्लक प्रवासात संपवा. नव्या कार्डावर ती आपोआप येत नाही.

भाडं जास्त कापलं गेलं. तक्रार कुठे करायची?

आधी नीट ठरवा की चूक कुठे झाली. भाडं किंवा प्रवेशाची नोंद चुकली असेल तर मेट्रो किंवा बस संस्था. भरलेले पैसे चढले नसतील तर कार्ड देणारी बँक. खिडकीवरचा माणूस ‘बँकेत विचारा’ म्हणतो आणि बँक ‘मेट्रोला विचारा’ म्हणते, तो हेलपाटा असा टळतो.

तारीख, अंदाजे वेळ, स्थानक, शक्य असेल तर गेटचा क्रमांक आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे लिहून ठेवा. पूर्ण कार्ड क्रमांक, पिन किंवा ओटीपी कोणालाही देऊ नका, समाजमाध्यमांवर तक्रार करताना तर मुळीच नाही. स्थानकावर कार्ड वाचून शेवटचे व्यवहार दाखवतात, त्याचा छापील कागद मिळत असेल तर घ्या. तक्रार लेखी करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. त्यासाठीचा मदत क्रमांक १४४४८ आहे. रक्कम वीस रुपयांची असली तरी करा. एकाच गेटवर एकाच तऱ्हेची चूक किती जणांना झाली हे तक्रारींच्या नोंदीतूनच बाहेर येतं.